चुडामणभाऊंची रिकामी जागा

शिरपूरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत पिठाची एक गिरणी आहे. तिच्या बाजूचा लोखंडी जिना चढून गेलं की चुडामण पाटलांचा कॉम्प्युटर क्लास लागतो. गावात त्यांना क्लासवाले सर म्हणतात. डॉस शिकवतात, वर्डस्टार शिकवतात, उन्हाळ्याच्या सुट्टीत टायपिंगही घेतात. खाली गिरणी सुरू झाली की वर फळा हादरतो. त्यांच्या एका विद्यार्थ्याचे वडील परवा मला जळगावात एका लग्नात भेटले. मी त्याच धंद्यातली, म्हणून ते सहज म्हणाले, "सर माणूस चांगला आहे हो, पण मोठ्या कामाचा अनुभव नसावा." मी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते पान टाकून मठ्ठा आणायला उठले.

मोठ्या कामाचा अनुभव नसावा. हे वाक्य माझ्या घशाखाली मठ्ठ्यानेही उतरलं नाही, म्हणून लिहायला बसले.

मी लता भंगाळे. जळगावची, बीएस्सी झालेली, तोंडाने फटकळ. १९८८ साली मी गिरधरशेठच्या कॉम्प्युटर कंपनीत टेस्टिंगला लागले. गिरधरशेठ मूळचे डाळमिलवाले. त्या काळात परदेशी मशीन मागवायचं म्हणजे परवाने, जकाती आणि दिल्लीचे खेटे. इथे मशीन बनवलं तर सरकारी खाती डोळे झाकून घेतील असं शेठना कुणीतरी सांगितलं, आणि त्यांनी एमआयडीसीत डाळमिलीला लागूनच एक शेड टाकली. एका बाजूला तूरडाळ निघायची, दुसऱ्या बाजूला युनिक्सचे कॉम्प्युटर. आमच्या सर्किट बोर्डांवरही डाळीची पिवळी भुकटी बसायची आणि ती ब्रशने झटकायला एक बाई ठेवलेली होती. आता ती कंपनी नाही. बाहेरची मशीनं खुली झाल्यावर वर्ष-दोन वर्षांत ती बसली. शेडमध्ये आता ठिबकच्या नळ्यांचं गोडाऊन आहे.

चुडामणभाऊ शिरपूरच्या पुढच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातले. वडील अभिमन आबा कापूस लावायचे. भाऊ पुण्याला इंजिनिअर झाले, मग मुंबईत एका कंपनीत राहून युनिक्सच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ प्रणालीच्या, पोटात हात घालायला शिकले. बंगलोरला बोलावणं आलं होतं. ते सोडून जळगावला आले, कारण त्यांना हे काम आपल्या मुलखात बसून करायचं होतं. सासरेबुवा एवढे चिडले की पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांनी लेकीला न्यायला गाडीच पाठवली नाही. वच्छलावहिनी एसटीने माहेरी गेल्या.

स्वभावाने भाऊ देवमाणूस वगैरे अजिबात नव्हते. गर्विष्ठ होते. दुसऱ्याचा प्रोग्रॅम वाचताना ते नाकाने असा आवाज काढायचे की लिहिणाऱ्याला राजीनामा द्यावासा वाटे. एकदा एकाने चूक झाकायला बघितली तर फळ्याचं डस्टर फेकून मारलं होतं. पण काम समोर असलं की त्या माणसाला तहानभूक नसे, आणि आपल्याला काय कळलं ते तो कुणालाही, अगदी भुकटी झटकणाऱ्या बाईलाही, पहिल्यापासून समजावून सांगायचा. मला ताई म्हणायचे. माझं वय त्यांच्यापेक्षा कमी होतं तरी.

आमचं मशीन होतं चार प्रोसेसरचं. म्हणजे एका डोक्याऐवजी चार डोकी. चौपट काम व्हावं अशी अपेक्षा. मी चाळीस टर्मिनलं, म्हणजे कीबोर्ड-पडद्यांच्या चाळीस जोड्या, एकदम चालू असल्यासारखा भार टाकून बघायचे, तर चार प्रोसेसर मिळून जेमतेम दीडाचं काम करत. दोन प्रोसेसरचे बोर्ड काढून टाकले की मशीन उलट जोरात चाले. शेठ रोज संध्याकाळी येऊन उभे राहत.

"चार बैल जुंपले आन गाडी मागं जाते, हे कसं काय हो पाटील?"

भाऊ फळ्याकडे तोंड फिरवत. बोलले असते तर शेठना ऐकवलं नसतं.

कारण सापडायला पावसाळा गेला. ते मी सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. मशीनमध्ये सगळ्यांना काम वाटून देणारा एक मूळ प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नल म्हणतात. तो सारखा मोजत असतो. किती कामं आली, डिस्ककडे किती वेळा जावं लागलं, मेमरीचे किती तुकडे मोकळे आहेत. प्रत्येक बारीकसारीक कामामागे कुठला तरी आकडा एकाने वाढतो. हे आकडे चौघांना मिळून एकेकच होते. त्यामुळे चारही प्रोसेसर काम सोडून त्या आकड्याशी रांग लावून उभे. भाऊंनी एकाचे चार आकडे केले. ज्याचा त्याने आपला वाढवायचा, आणि एकूण आकडा हवा असेल तेव्हा चौघांची बेरीज करायची. अगदी सरळ. सगळ्यांना वाटलं, झालं.

मशीन तसूभर हललं नाही.

त्यानंतरचे दिवस आठवले तर अजून अंगावर येतात. भाऊ कुणाशी धड बोलेनात. मला एकदा म्हणाले, "ताई, तुझी टेस्टच खोटी आहे." मी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या टेबलाशी आले, खडू हातातच होता, आणि म्हणाले, "टेस्ट खरी आहे. मी गाढव आहे." त्या कंपनीत त्यांनी मागितलेली ती एकमेव माफी.

झालं होतं असं. प्रोसेसर मोठ्या मेमरीतून एक आकडा उचलत नाही. तो बत्तीस बाइटांची, म्हणजे बत्तीस खान्यांची, अख्खी ओळ उचलतो आणि आपल्याजवळच्या छोट्या मेमरीत, कॅशमध्ये, आणून ठेवतो. त्या ओळीत काही लिहायचं तर ती ओळ त्या वेळी त्याच्या एकट्याकडेच असावी लागते. भाऊंचे चार आकडे चौघांचे वेगळे होते खरे, पण शेजारी शेजारी, एकाच ओळीत बसले होते. चार जणी पापड लाटायला बसल्या आहेत, प्रत्येकीचा पापड वेगळा, लाटणं वेगळं, पण पोळपाट एकच. मग जिला लाटायचं ती पोळपाट आपल्याकडे ओढणार, दुसरी परत ओढणार. कुणी कुणाच्या पापडाला हात लावत नाही आणि तरी दिवसभर नुसती ओढाओढ. इलाज एकच, जिचा तिला पोळपाट.

भाऊंनी तेच केलं. प्रत्येक आकडा ओळीच्या अगदी सुरुवातीला बसवला आणि उरलेली ओळ रिकामी सोडली. चार बाइटांचा आकडा, अठ्ठावीस बाइट मोकळे. असे आकडे पुष्कळ, त्यामुळे मोकळी जागाही पुष्कळ. मी भार टाकला आणि मशीन असं सुटलं की आधी मलाच खोटं वाटलं. पुन्हा टाकला, पुन्हा तसंच. भाऊ खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत होते. मला त्या दिवशी आमच्या शेडचा, त्या पिवळ्या भुकटीचा, जळगावच्या त्या रखरखीत एमआयडीसीचा अभिमान वाटला. उगाच कशाला लपवू.

शेठ खूष झाले. पण जातिवंत डाळमिलवाले. एवढी जागा रिकामी आहे हे कळल्यावर त्यांचा जीव खालीवर व्हायला लागला. तेव्हा मेमरी महागही होती.

"रिकामी काऊन ठेवली? आमच्याकडं डाळीची चुनीसुद्धा वाया नाही जात."

"ती रिकामी नाही शेठ," भाऊ म्हणाले, "ती रिकामी आहे म्हणून बाकीचं चालतंय."

हे शेठना पटलं की नाही देव जाणे. पण तिथेच उभ्या असलेल्या मगनला मुळीच पटलं नाही. मगन म्हणजे शेठचा भाचा, थोरल्या बहिणीचा. डिप्लोमा झालेला, कामसू, हसतमुख, आणि मामाच्या डोळ्यात आपण कसे भरू एवढीच त्याला काळजी. वाईट मुलगा नव्हता. वाईट असता तर मला त्याचा राग करायला सोपं गेलं असतं.

भाऊंनी प्रोग्रॅममध्ये त्या मोकळ्या जागेशेजारी, पुढे वाचणाऱ्यासाठी म्हणून, इंग्रजी अक्षरांत पण आपल्या भाषेत एक ओळ लिहून ठेवली: हा बांध आहे, कोरू नये. मला दाखवून हसले. मी तेव्हाही म्हटलं होतं, "भाऊ, खानदेशात ही पाटी लावायची म्हणजे आमंत्रण द्यायचं." आमच्याकडे बांध कुणाला बघवतो? दर साली नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, इकडून, एक तास तिकडून. सख्खे भाऊ एका ताटात जेवतील, पण बांधाशी आले की नांगर आपोआप तिरका होतो. विचारलं तर म्हणतील, बैलच वळले. मोकळी जमीन दिसली की आमच्या हाताला खाज सुटते आणि त्याला आम्ही कष्टाळूपणा म्हणतो.

पुढच्या उन्हाळ्यात एका मोठ्या सरकारी खात्याने आमचं मशीन बघायचं ठरवलं. सगळ्या जिल्ह्यांची बिलं काढायला मशीनं हवी होती. चाचणी जळगावातच, आमच्या शेडमध्ये. शेठनी आम्हाला बसवून स्वच्छ सांगितलं. काम मिळालं तर कर्नलचा विभाग राहील, वाढेल. नाही मिळालं तर विभाग बंद, बाहेरून तयार पेट्या आणून वर आपलं नाव लावायचं. भाऊंच्या दृष्टीने याचा अर्थ एकच होता. बंगलोर केव्हाच गेलं होतं, आणि हे काम अख्ख्या खानदेशात दुसरीकडे कुठेच नव्हतं. विभाग बंद झाला तर ते इथे राहू शकत होते किंवा हे काम करू शकत होते, दोन्ही नाही.

चाचणीआधी आखाजी आली. भाऊ गावी गेले. बहिणी माहेरी आलेल्या, आबांचा निरोप आलेला, न जाऊन चालणार नव्हतं. मशीन तयारच होतं. ते गेले आणि खात्याचा फोन आला की पडद्यावर आणखी एक आकडा दिसायला हवा, डिस्कवर किती वेळा लिहिलं तो. साधं काम. मगनने एका दिवसात करून टाकलं आणि मामाला सांगितलंही की कर्नल एका बाइटानेसुद्धा वाढू दिला नाही. मामाने त्याची पाठ थोपटली. मी तेव्हा तिथेच होते आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आकडा पडद्यावर बरोबर येत होता.

चाचणीच्या सकाळी भाऊ पहिल्या गाडीने थेट शेडवर आले, डब्यात खापरावरचे मांडे घेऊन. मुंबईचे साहेब आले. सडसडीत, कमी बोलणारे. खुर्ची नको म्हणाले, उभे राहिले. मी भार टाकला.

सुरुवातीला ठीक चाललं. मग बिलं जोरात निघायला लागली, डिस्कवर लिहिणं वाढलं, आणि मशीन चिखलात रुतल्यासारखं झालं. पडद्यावरचे आकडे अडखळायला लागले. भाऊ माझ्यामागे उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. साहेबांनी जेवायच्या वेळेपर्यंत वाट पाहिली. मग घड्याळ खिशात टाकलं.

"दोन प्रोसेसरचं मशीन आम्हाला स्वस्तात मिळतं," ते म्हणाले. "मी परवापर्यंत विश्रामगृहावर आहे. कारण सापडलं तर कळवा, पुन्हा बघेन. पण नुसतं दुरुस्त केलं म्हणून चालणार नाही. काय झालं आणि कुणाच्या हातून झालं, ते मला वर सांगावं लागतं."

भाऊंना कारण सापडायला वेळ लागला नाही. मगनचा नवा आकडा पहिल्या प्रोसेसरच्या ओळीतल्या मोकळ्या जागेत बसला होता. एकटा, आणि चौघांनी मिळून वाढवायचा. म्हणजे चारही प्रोसेसर दर लिहिण्याला तीच ओळ ओढत होते, आणि ज्याची ओळ होती तो प्रोसेसर आपल्याच घरात उपरा झाला होता. जुनीच ओढाओढ, नव्याने.

भाऊ रागावले की त्यांची पुण्याची भाषा गळून पडायची आणि घरची अहिराणी बाहेर यायची.

"मगन, हाई कोनी करं?"

"मी केलं भाऊ. जागा मोकळीच होती. कुणाचं काही काढलं नाही मी."

"हाऊ बांध शे, असं लिखेल शे तठे. तुले दिखनं नही का?"

"दिसलं ना," मगन म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. "म्हणून तर मी अगदी कडेचं घेतलं."

मला हसावं की रडावं कळेना. भाऊंनी तो आकडा तिथून उपसून काढला, त्याचे चार केले, चौघांना आपापल्या ओळीत नेऊन बसवले. मी भार टाकला. मशीन पुन्हा धावायला लागलं. संध्याकाळ व्हायच्या आत सगळं होतं तसं झालं होतं, फक्त साहेबांना सांगायचं राहिलं होतं.

शेठनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मगनला बाहेर ठेवलं. त्यांनी आधी ताक मागवलं, मग पंख्याबद्दल बोलले. मी ओळखलं की काहीतरी नको ते येणार आहे.

"पाटील, मगन माझ्या बहिणीचा पोरगा. उद्या त्या साहेबासमोर त्याचं नाव घेतलं तर ते कागदावर चढंल. मुंबईला जाईल. कंपनीचं नाव, घराचं नाव, सगळं एकच हाये. बाहेरच्यासमोर घरातलं उघडं करत नाहीत. तू मोठा हायेस. तू म्हण, माझ्याकडून राहिलं."

"शेठ, पण ते यांच्याकडून राहिलेलं नाही," मी म्हटलं.

"लता, आपल्याला माहीत हाये ना. इथं कुणाला माहीत नाही? त्या साहेबाला काय, आज हाये, उद्या नाही."

आपला तो बाब्या, हे मला समजत होतं. मला समजलं नाही ते भाऊंचं गप्प बसणं. ज्या माणसाने कुणाची टिंबाएवढी चूक पोटात घातली नाही, तो माणूस पेल्यातल्या ताकाकडे बघत राहिला. बाहेर आल्यावर मी त्यांना अडवलं. म्हटलं, तुम्ही हे करू नका. ते म्हणाले, "ताई, आमच्या गावात भाऊबंदकीत मारामारी झाली आणि फौजदार आला तर घरातला मोठा माणूस पुढे होतो. म्हणतो, माझ्या हातून झालं. फौजदारही ओळखतो, गावही ओळखतं. त्याने कुणी त्याला चोर म्हणत नाही. उलट मान देतात." मग म्हणाले, "आणि मशीन तर चालेल."

ते चुकत होते. कंपनी म्हणजे गाव नव्हतं, साहेब म्हणजे फौजदार नव्हता, आणि गिरधरशेठ भाऊबंद तर मुळीच नव्हते. पण असं चुकायला आमच्याकडचाच माणूस लागतो. पुण्याचा माणूस असता तर त्याने मगनचं नाव सांगितलं असतं आणि रात्री शांत झोपला असता.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. भाऊ त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मोकळ्या ठेवायच्या जागेत चुकीचा आकडा बसला होता. चूक माझी." साहेबांनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मगन दाराशी उभा होता, पायाच्या अंगठ्याने फरशी कोरत. शेठ भिंतीवरच्या कॅलेंडरातली लक्ष्मी बघत होते. मी तोंड उघडणार होते, पण भाऊंनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

मग मी भार टाकला आणि आमचं मशीन असं चाललं की त्या कोरड्या माणसाच्या तोंडूनही "वा" निघालं. जेवणाच्या आधी सगळी बिलं संपली. पुढे ते काम आम्हाला मिळालं. शेठनी एमआयडीसीभर पेढे वाटले. भाऊंनी दोन पेढे खाल्ले आणि तिसरा खिशात घातला, वच्छलावहिनींसाठी.

करारावर सही करायला साहेब पुन्हा आले तेव्हा त्यांनी एक अट घातली. तोंडीच, साध्या आवाजात. ज्यांनी आपण होऊन एवढी चूक कबूल केली त्यांचा प्रामाणिकपणा त्यांना आवडला होता, पण खात्याच्या मशीनच्या कर्नलला त्यांचा हात लागू नये. दुसरा जबाबदार माणूस नेमा. साहेबांचं तरी काय चुकलं? त्यांना सांगितलं गेलं त्यावर ते चालले होते.

शेठनी तिथे एक वाक्य बोलायला हवं होतं. एकच. त्यांचा चहा निवत होता, त्यांनी तो बशीत ओतला आणि प्यायले. साहेब गेल्यावर भाऊ म्हणाले, "शेठ, तुम्हाला तर माहीत आहे."

"माहीत हाये रे बाबा. पण मी आता काय बोलू? तूच बोललास ना."

आणि दुसरा जबाबदार माणूस म्हणून मगनला नेमलं. कर्नलमध्ये हात घातलेला तोच एक उरला होता. भाऊंकडे टर्मिनलांची दुरुस्ती आली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्याशाने फासाचा दोर स्वतः धरून दिला होता आणि गावाने मान द्यायच्या ऐवजी दोर ओढला होता. मी शेठच्या केबिनमध्ये जाऊन तोंडाला येईल ते बोलले. ते शांतपणे ऐकत राहिले. म्हणाले, "लता, सगळ्यांना माहीत हाये त्याची चूक नाही. मग एवढं काय?" मला आजही त्या वाक्याचा संताप येतो. सगळ्यांना माहीत असणं म्हणजे न्याय झाला, असं समजणारा तो एकटा माणूस नव्हता. आमच्या शेडमधले सगळे भाऊंशी त्या दिवसांत फार गोड वागत. त्यांचा चहा आधी आणून देत. आणि एकानेही साहेबांना फोन केला नाही.

भाऊंनी मगनला कर्नल समजावून द्यायचा, असं ठरलं. मला वाटलं होतं, ते नाही म्हणतील. पण ते फळ्याशी उभे राहिले आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. एक आकडा, मग चार आकडे, मग ओळ. बत्तीस खाने काढले, चार रेघांनी भरले, अठ्ठावीस मोकळे ठेवले. कुठेही टोमणा नाही, कुठेही आवाज चढला नाही. आम्ही सगळे ऐकत होतो. इतकं चांगलं त्यांनी आधी कधी सांगितलं नव्हतं. मगन मन लावून ऐकत होता, कागदावर टिपत होता, मध्येमध्ये मान डोलवत होता. भाऊंचं सांगून झालं, त्यांनी खडूचे हात झटकले आणि विचारलं, "काही शंका?"

मगनने पेन गालाला लावून फळ्याकडे थोडा वेळ बघितलं.

"नाही भाऊ, समजलं. बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "पण एवढी लागते का जागा? निम्मी ठेवली तर नाही भागणार? बाकीची उपयोगी पडेल."

निम्मी ठेवली की एका ओळीत पुन्हा दोन आकडे. दोघींना एक पोळपाट. आत्ताच, पाच मिनिटांपूर्वी, तेच तर सांगितलं होतं. मी डस्टरकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनीच डस्टरकडे बघितलं. खरं सांगायचं तर भाऊंनी ते उचलावं म्हणून मी देवाची प्रार्थना करत होते.

चुडामणभाऊंनी मगनकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. रस्त्यात पत्ता विचारणाऱ्या परक्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

"कर निम्मी," ते म्हणाले, आणि डबा घेऊन जेवायला बाहेर गेले.

मगनने ते कागदावर लिहून घेतलं.